कुठलं सिम घेऊ?

परवा शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडतोय, तोवर मावसभावाचा फोन. गडी उमरगा तालुक्यातला, सैन्यात आहे, आणि नुकतीच त्याची जम्मू-काश्मीरला पोस्टिंग आली आहे. नेमकी कुठे ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्याचा प्रश्न साधा होता : "दादा, तू कंप्युटरमधला माणूस. कुठलं सिम घेऊ ते सांग."

आपल्या धंद्याची ही एक गंमत आहे. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली की अख्ख्या खानदानाच्या लेखी आपण प्रिंटर, टीव्हीचा रिमोट आणि मोबाईल या सगळ्यांचे डॉक्टर होतो. मी सवयीनं एक्सेल शीट उघडली. रकाने आखले : कंपनी, महिन्याचा खर्च, गावात रेंज, तिकडे रेंज. पुढे अडलो. कारण तेवढ्यात लक्षात आलं की हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा येत नाहीये. मामाच्या वेळीही हाच होता, फक्त तेव्हा सिम नव्हतं. म्हणून शीट बंद केली आणि हे लिहायला बसलो. भावाला दिलेलं उत्तर शेवटी आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ तिकडे उडी मारावी.

तर मामापासून सुरुवात.

मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. आजीला लिहिता-वाचता यायचं नाही, पण त्याचा पत्ता तोंडपाठ होता. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'द्वारा ५६ एपीओ'. बस्स. गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. लहानपणी मला वाटायचं, ५६ एपीओ नावाचं एखादं मोठ्ठं गाव असणार आणि देशातले सगळे सैनिक तिथेच राहत असणार :)

प्रत्यक्षात ही एक फार हुशारीची व्यवस्था आहे. फौजेबरोबर चालणारं टपाल आपल्याकडे जुनं आहे; इराणच्या मोहिमेवर गेलेल्या हिंदुस्थानी फौजेसाठी १८५६ साली पहिलं फील्ड पोस्ट ऑफिस निघालं. स्वतंत्र आर्मी पोस्टल सर्व्हिस कोअर १ मार्च १९७२ ला झाली. पत्त्यावर ५६ एपीओ असेल तर पत्र दिल्लीच्या मध्यवर्ती बेस पोस्ट ऑफिसात जातं, ९९ एपीओ असेल तर कोलकात्याच्या. अमुक पलटण आज कुठे आहे याची नोंद तिथे असते. पलटण पठाणकोटहून लेहला हलली की नोंद बदलते, पण आजीच्या पत्त्यात काना-मात्राही बदलत नाही. शिवाय पलटण कुठे आहे हे गावच्या पोस्टमनला कळत नाही, आजीलाही नाही. तशीच तर ती योजना आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर, पत्ता आणि जागा यांच्यामध्ये एक थर घातला. बाहेरच्या जगाला कायमचं नाव द्यायचं, आणि ते नाव सध्या कुठे आहे हे आतल्या एका वहीत लिहून ठेवायचं. मोबाईल नेटवर्क हेच करतं. तुमच्या कंपनीकडे एक 'होम लोकेशन रजिस्टर' असतं आणि तुम्ही ज्या भागात जाल तिथल्या नेटवर्ककडे 'व्हिजिटर लोकेशन रजिस्टर'. फोन नव्या भागात चालू झाला की तिथलं रजिस्टर घरच्या रजिस्टरला कळवतं, 'तुमचा माणूस आमच्याकडे आलाय.' मग तुमच्या नंबरवर आलेला कॉल तिकडे वळवला जातो. बेस पोस्ट ऑफिसच जणू, फक्त सेकंदात चालणारं.

म्हणजे तंत्र पहिल्यापासून होतं. सैनिकाचा नंबर देशभर एकच राहावा यात इंजिनिअरिंगची फारशी अडचण नव्हती. तरी ते व्हायला २०१५ साल उजाडलं. का, ते पुढे येतंच. पण त्याआधी पत्राला काय जमत नव्हतं तेही बघू.

पत्र माणसाला शोधून काढायचं, पण त्याच्या वेळेनं. घाईसाठी तार. 'मदर सीरियस कम सून' ही तार पलटणीतल्या रजेच्या अर्जाला जोडायचा कागद होता. तारखेचा शिक्का असलेला सरकारी कागद, म्हणून साहेब तो ग्राह्य धरायचे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा शेवटपर्यंत तिचा वापर करणाऱ्यांत सैनिक होते ते याच कारणानं.

आता उलट बाजू घ्या. सैनिक सुखरूप आहे आणि संकट गावावर आलंय. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, तीन छप्पन्न. किल्लारीचा भूकंप. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आमच्या जिल्ह्यातलं सास्तूर (आजच्या लोहारा तालुक्यातलं) आणि आजूबाजूची गावंही त्याच पहाटे कोसळली. मामाचं गाव तिथून काही कोसांवर. तो होता देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याला कळलं रेडिओवर : लातूर, उस्मानाबाद, भीषण भूकंप, हजारो मृत्यू. गावाचं नाव बातमीत नाही. गावात फोन नाही. उमरग्याच्या एसटीडी बूथवर लावावा तर लाईन लागत नाही, आणि लागली तरी बूथवाल्याला आमच्या आजीचं काय माहीत असणार?

तेराव्या दिवशी त्याला पोस्टकार्ड मिळालं. शेजारच्या मास्तरांनी लिहिलेलं : सगळे ठीक, मागची भिंत पडली, म्हैस गेली, काळजी नसावी. ते तेरा दिवस त्यानं कसे काढले हे मामानं कधी सांगितलं नाही. ते कार्ड मात्र त्याच्या लोखंडी ट्रंकेत अजून आहे.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण शेवटी लागणार आहे. सैनिकाच्या फोनचा विचार करताना आपण पटकन त्याच्या टोकाचा विचार करतो : बर्फ, डोंगर, चौकी. पण तार जोडलेली असते दोन टोकांना, आणि १९९३ साली तुटलं ते गावचं टोक होतं.

मोबाईल आला तो दोनच वर्षांनी. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना पहिला कॉल केला. दर मिनिटाला सोळा रुपयांच्या वर, आणि आलेल्या कॉललाही पैसे! मुंबई-दिल्लीसारखी चार महानगरं सोडून बाकी देशाचे 'सर्कल' पाडले गेले, तेही जुन्या टपाल-तार खात्याच्या आखणीप्रमाणे, म्हणजे साधारण राज्यांच्या हद्दींवर. प्रत्येक सर्कलचा परवाना वेगळा, लिलाव वेगळा, कंपन्या वेगळ्या. आपलं सर्कल मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा. इथे सुरुवातीला दोन कंपन्या : बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. पुढे पहिलीची आयडिया झाली, दुसरी हचकडे गेली. जुन्या मंडळींना ९८२२ आणि ९८२३ आठवत असतील, ते यांचेच.

सर्कल म्हणजे फक्त नकाशावरची रेघ नव्हती. तिच्या पलीकडे गेलात की रोमिंग, आणि रोमिंग म्हणजे खिशाला भोक. झेलम एक्स्प्रेस डोळ्यासमोर आणा. पुण्याहून जम्मूला जाणारी ही गाडी आपल्याकडच्या कितीतरी सैनिकांनी आयुष्यभर पकडलेली आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, दिल्ली, हरियाणा, पंजाब आणि शेवटी जम्मू. खिडकीबाहेर सगळा एकच देश. मोबाईलच्या दृष्टीनं मात्र दर काही तासांनी परदेश, आणि खिशात स्वागताचा एसएमएस.

उमरग्याच्या लोकांना तर यासाठी झेलमही पकडावी लागत नसे. हा सगळा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी राज्याची वाटणी झाली, उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) मुंबई राज्यात आलं आणि पलीकडचं आळंद म्हैसूर राज्यात गेलं. पन्नास वर्षांनी मुरूमच्या पुढे आळंदच्या दिशेनं निघालेल्या माणसाचा फोन कर्नाटकचा टॉवर पकडायचा आणि शेतात उभ्या उभ्या रोमिंग सुरू व्हायचं.

शिवाय परवान्याची अट बघा : पहिल्या वर्षात १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालयांपर्यंत सेवा न्यायची. म्हणजे निम्म्या जिल्ह्यांपर्यंत नाही गेलात तरी चालेल. मग कंपन्यांनी आधी पुणे-नाशिक-गोवा बघितलं, यात नवल काय? कोरडवाहू जिल्ह्यातली खेडी यादीत कुठे असणार ते सांगायला नको. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाईल सेवा सुरू झाली. आमच्याकडे ९४२२ हे आकडे दिसायला लागले आणि गावात 'रेंज' हा शब्द आला, तो त्यानंतर.

आणि ज्या जम्मू-काश्मीरमध्ये एवढे सैनिक, तिथे तोवर मोबाईल नव्हताच. सुरक्षेच्या कारणावरून परवानगी नव्हती. ऑगस्ट २००३ मध्ये बीएसएनएलनं तिथे सेवा सुरू केली, ९४१९ नं सुरू होणारे नंबर. खाजगी कंपन्या नंतर आल्या. त्यामुळे त्या काळात 'कुठलं सिम घेऊ' हा प्रश्नच नव्हता. जे होतं ते घ्यायचं.

प्रश्न आला तो पुढे. मावशीच्या शेजारच्या घरातला एक मुलगा २००४ साली भरती झाला. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं, आणि दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की ती जुन्याच्या मागच्या पानावरचे नंबर नव्यावर उतरवून घ्यायची. मुलाचे नंबर! एक ९४२२ चा, सुट्टीवर आला की चालणारा. एक ९४१९ चा. एक पंजाबचा, एक आसामचा. दर पोस्टिंगला नवं सिम, कारण घरचं सिम तिकडे नेलं तर आईचा फोन घ्यायलाही त्यालाच पैसे पडायचे. २००७ मध्ये ट्रायनं रोमिंगच्या इनकमिंगला १ रुपया ७५ पैशांची कमाल मर्यादा घातली, म्हणजे त्याआधी काय असेल विचार करा. आणि बाहेरच्या सर्कलचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालतच नाही, हा सुरक्षेचा नियम वर्षानुवर्षांचा. पोस्टपेड चालतं.

मग लोकांनी आपापल्या युक्त्या काढल्या. मिस्ड कॉलची भाषा ठरली : एक रिंग म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे सवडीनं फोन कर, लागोपाठ तीन म्हणजे असशील तिथून लगेच. १ मार्च २००६ ला बीएसएनएलचा 'वन इंडिया' प्लॅन आला, देशात कुठेही रुपयाला एक मिनिट, तेव्हा बूथवरच्या रांगा जरा कमी झाल्या. पण नंबर बदलत राहिले. १ नोव्हेंबर २००९ ला तर केंद्र सरकारनं जम्मू-काश्मीरमधली प्रीपेड सेवाच बंद केली, बनावट कागदपत्रांवर सिम घेतली जातात म्हणून. जानेवारी २०१० मध्ये ती कडक पडताळणीच्या अटीवर परत सुरू झाली.

त्याच सुमाराला या मुलाच्या वडिलांना एका रात्री सोलापूरला दवाखान्यात हलवावं लागलं. घाईत कॅलेंडरवरचा खाडाखोड केलेला नंबर लावला तो जुन्या पोस्टिंगचा निघाला. उचलणारा माणूस पंजाबी बोलत होता. नंबर बंद होऊन दुसऱ्याच कुणाला गेला होता. नव्या नंबरची चिठ्ठी सापडायला दोन दिवस लागले. वडील वाचले म्हणून आज ही गोष्ट हसत सांगता येते.

त्याच्या कित्येक दशकं आधीच्या आंतर्देशीय पत्राला हा घोळ कधी घालता आला नसता. पलटण कुठेही जावो, ५६ एपीओ पंजाबातल्या दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं नसतं. सैन्याच्या टपालानं नाव माणसाला चिकटवलं होतं. मोबाईलनं ते रेघेला चिकटवलं, कारण रेघेप्रमाणे परवाने विकले होते.

ती रेघ हळूहळू पुसली गेली. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ ला देशभर आली, पण सर्कलच्या आतल्या आत. म्हणजे पुण्यातल्या आयटीवाल्याला उपयोग, सैनिकाला शून्य. सर्कल ओलांडून नंबर नेता यायला लागला ३ जुलै २०१५ पासून. त्याच जूनमध्ये बीएसएनएलनं रोमिंगचं इनकमिंग फुकट केलं, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि २०१७ मध्ये एअरटेलनंही देशांतर्गत रोमिंगचे पैसे काढून टाकले. तो शब्दच हळूहळू बोलण्यातून गेला.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रूपात होता. तिथे अडचण सर्कलची नाही, दोन-दोन वर्षांच्या कराराची. मध्येच बदली झाली तर करार मोडल्याचा दंड. म्हणून तिथे २००८ साली सैनिकांच्या संरक्षणाच्या जुन्या कायद्यात मोबाईलचा समावेश झाला : ९० दिवस किंवा जास्त काळ, जिथे ती सेवा चालत नाही अशा जागी पाठवलं तर दंड न भरता करार मोडता येतो. २०१० च्या दुरुस्तीनं नंबर राखून ठेवायचीही सोय झाली, तीन वर्षांपर्यंतच्या पोस्टिंगसाठी. आपल्याकडे सैनिकासाठी म्हणून असं काही झालं नाही. भिंत सगळ्यांसाठी पडली तेव्हा त्याच्यासाठीही पडली. वेगळा विचार झाला तो एका ठिकाणी : जिथे टॉवरच नाही तिथल्या सॅटेलाईट फोनचा दर २०१७ च्या दिवाळीत पाच रुपयांवरून मिनिटाला एक रुपया केला आणि महिन्याचं ५०० रुपये भाडं काढून टाकलं. जानेवारी २०२५ मध्ये सियाचेनवर जिओचं ४जी-५जी सुद्धा पोचलं.

मग आता प्रश्न सुटला का? रेघ गेली, पण एक नवीन भानगड आली. नंबर आता नुसता बोलायचा राहिला नाही. बँकेचा ओटीपी, आधार, गॅस, आणि उद्या निवृत्त झाल्यावर पेन्शनचं 'स्पर्श' पोर्टल, सगळं त्या दहा आकड्यांना बांधलेलं. आणि नियम असा, की प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरलाच नाही आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसले, तर तो बंद होऊ शकतो. रेंज नसलेल्या चौकीवर ९० दिवस म्हणजे काही फार नाहीत.

तर भावाला मी जे सांगितलं ते असं.

पहिलं, गावचा नंबर सोडू नकोस, आणि तो पोस्टपेड कर. तो तुझा ५६ एपीओ. बँक, आधार, सगळं त्याच्यावर. पोस्टपेड असल्यानं तिकडेही चालेल, आणि चौकीवर रिचार्ज चुकला म्हणून जाणार नाही. त्याची कंपनी मावशीच्या घरात, शक्यतो मागच्या पडवीतसुद्धा, कुणाची रेंज येते ते बघून ठरव. तुझी जागा दोन-तीन वर्षांनी बदलेल, तिची नाही.

दुसरं, पोहोचल्यावर तिकडचं एक सिम घे. कुठलं, ते मला विचारू नकोस. तू ज्यांच्याकडून चार्ज घेणार त्यांना विचार. पुण्यात बसून कव्हरेजचा नकाशा बघणाऱ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरमधले मोबाईल बंद झाले तेव्हा पोस्टपेड सव्वादोन महिन्यांनी चालू झाले आणि प्रीपेड पुढच्या जानेवारीत, हेही ध्यानात ठेव.

तिसरं, कंपनी बदलायची तर निघण्याआधी बदल. इकडे पोर्टिंगचा कोड चार दिवस टिकतो आणि काम आठवड्याभरात होतं. जम्मू-काश्मीर सर्कलमध्ये (लडाख वेगळा झाला तरी सर्कल एकच) कोड तीस दिवसांचा, पण कामाला पंधरा दिवसांपर्यंत लागतात. शिवाय सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि सिम हरवून नवं घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही.

चौथं, मावशीच्या साध्या फोनला नुसत्या कॉलचा वर्षभराचा पॅक टाक. २०२४ च्या अखेरीस ट्रायनं असे पॅक ठेवायला सांगितलंय. तिला डेटा नकोय. तिला तुझा फोन यायला हवाय.

हे सगळं ऐकून गडी म्हणाला, "दादा, मी आपलं सिमचं नाव विचारलं होतं."

असो. तो गेल्या मंगळवारी पोचला. तिकडचा नंबर पाठवला, मी मावशीच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला. पण तिचं ठरलेलं आहे. तो फोन करतो, ती आधी विचारते, "जेवलास का?" आणि मग न राहवून, "कुठे आहेस रे?" आता हे त्यानं सांगायचं नसतं, तिलाही ते माहीत आहे. तरी विचारते. तो म्हणतो, "छप्पन्नला."

मावशी म्हणते, "बरं बरं." आजीही पत्र टाकून आल्यावर कुणी विचारलं तर हेच सांगायची : लेक छप्पन्नला आहे.